खडावा घातलेलं घर

२० ऑगस्ट

ताकुमा सकाळच्या गाडीने योकोहामाला परत गेला. पितरांचा सण झाला, वडिलांच्या थडग्यावर पाणी घालून झालं, उरलेलं कलिंगड संपलं, आणि जाताना तो टेबलावर एक गुळगुळीत पुस्तिका ठेवून गेला. त्याच्या घराजवळ नवी इमारत उभी राहते आहे. नववा मजला, लिफ्ट, प्रत्येक खोलीत संकटात दाबायचं लाल बटण. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. दाबायला बटण मागितलेलं मला आठवत नाही.

त्याचं म्हणणं, हे घर विकावं. खाली बंद दुकान आणि वर एकटी आई, हे त्याला झोपू देत नाही. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा घराला आमच्याकडे गमतीने खडावा घातलेलं घर म्हणतात. आमच्या घराने तर खऱ्याच घातल्या होत्या, कारण माझे यजमान इवाओ यांचं दुकान खडावांचं. ते जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून शटर खाली आहे. मी शटरमधल्या लहान दारातून आत शिरते, अंधारातून खडावांच्या खोक्यांना वळसा घालते आणि मागच्या जिन्याने वर जाते.

मी ताकुमाला सांगितलं की वर्षअखेरपर्यंत दुकान भाड्याने गेलं आणि नीट चाललं, तर मी इथून हलणार नाही. नाही तर तो म्हणेल तिथे सही करीन.

तो हसला. "आई, आपला जिना दुकानाच्या पोटातून जातो. परक्याच्या दुकानातून रोज घरी येणार तू? आणि समज तू आलीस. तो परका किती दिवस टिकेल?"

बाहेरून जिना काढायला जागा नाही हे खरं. या छप्पर घातलेल्या बाजारात घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. निम्मी शटर्स याच कारणाने बंद आहेत. वर माणूस राहतो, वाट दुकानातून आहे, आणि परका नको.

दिलेला शब्द लक्षात राहावा म्हणून ही वही सुरू केली.

३ सप्टेंबर

मियाताके-सान एका बाईला घेऊन आले. ते समोर शिक्के कोरतात आणि आपल्या दुकानावरच राहतात. इवाओंबरोबर रोज संध्याकाळी पट मांडून बसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. कमी बोलतात. तेवढा गुण पुष्कळ आहे.

बाईचं नाव चिहारू नारिता. वय अडतीस. मूळची अकिताची, म्हणजे अगदी उत्तरेची. तिकडची माणसं थंडी तोंडात शिरू नये म्हणून ओठ न उघडता बोलतात म्हणे. ही मात्र दोन्ही ओठ उघडून, न थांबता बोलते. नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आली. "नवरा सोडून गेला, पण समुद्र आवडला, म्हणून राहिले," असं तिने बोटीच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं.

तिला ओनिगिरी विकायच्या आहेत. म्हणजे भाताचे मुटके, आत मासा किंवा आंबट खारवलेलं फळ, आणि सोबत मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार. आणि तेही आमच्या ताकामात्सूत! इथे माणसं सकाळी उदोन, म्हणजे जाड शेवया, खातात, दुपारी उदोन खातात आणि संध्याकाळी दोन्हींपैकी कुठले बरे होते यावर वाद घालतात. मी तिला हे स्पष्ट सांगितलं. जिन्याचंही सांगितलं. मी दिवसातून चार-पाच वेळा दुकानातून जाणार, पहिल्या पायरीशी डावीकडे माझे जोडे राहणार, तिथे दुसरं काही ठेवायचं नाही.

ती म्हणाली, "म्हणजे रोज चार-पाच वेळा तरी कोणी दुकानात येईलच. माझी काळजी मिटली."

मी हसले नाही. मियाताके-सान भिंतीकडे वळून खोकले.

२७ सप्टेंबर

खडावांची खोकी माडीवरच्या मागच्या खोलीत चढवली. पुष्कळ आहेत. इवाओ माणसाच्या चालण्यावरून माप ओळखायचे, आणि जो येईल असं त्यांना वाटायचं त्याच्यासाठी पट्टे बांधून जोड तयार ठेवायचे. ती माणसं बुटांकडे वळली. जोड राहिले.

शेजार जोडायची भेट म्हणून नारिता-सानने सोबाची, म्हणजे काळपट बारीक शेवयांची, पुडकी वाटली. या शहरात सोबा. मियाताके-सानांनी आपलं पुडकं दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं आणि "औषध का?" असं विचारलं. तिला राग आला नाही. हे चांगलं की वाईट ते कळायला वेळ लागेल.

४ ऑक्टोबर

दुकान सुरू होऊन चार दिवस झाले. आज भाजी घेऊन आले आणि दारात सवयीने म्हणाले, "मी आले." हे मी रोजच म्हणते. अंधाऱ्या दुकानात म्हणत होते तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं, तेव्हा लाजायचं कारणही नव्हतं.

आज आतून उत्तर आलं, "आलात? या." नारिता-सान शेगडीशी होती, तिने वळूनही पाहिलं नाही. मग स्टुलावर बसलेला एक अनोळखी पोस्टमनही तोंडात घास धरून म्हणाला, "या या."

फार गोंगाट झाला. मी पटकन वर गेले. मुळा खालीच विसरला, तो आणायला पुन्हा उतरावं लागलं. पुन्हा वर जाताना तसं म्हणायचं काही कारण नव्हतं, तरी तोंडून गेलं. पुन्हा सगळ्यांनी उत्तर दिलं.

२१ ऑक्टोबर

धंदा बेताचा आहे. सहा उंच स्टुलं, पाठ टेकायला काही नाही. तरुण मुटके बांधून नेतात. बाजारातल्या वयस्कर बायका आत डोकावतात, स्टुलांकडे पाहतात आणि गुडघे आठवून पुढे जातात.

येताजाता मला काही गोष्टी दिसतात. एक मनुष्य चॉपस्टिक्स चुकीच्या धरत होता, त्या मी दुरुस्त केल्या. बँकेतल्या दोन मुली साराचा वाडगा टेबलावर ठेवूनच भुरकत होत्या, त्यांना वाडगा हातात कसा धरायचा ते दाखवलं. मी चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे. चूक समोर असताना मला पुढे जाता येत नाही.

त्या मुली पुन्हा दिसल्या नाहीत. बदली झाली असेल.

५ नोव्हेंबर

संध्याकाळी नारिता-सान हिशेबाला न बसता नुसतीच बसली होती. मी विचारलं. ती म्हणाली की हे असंच चाललं तर तिला वर्षअखेरीस बंद करावं लागेल. हे ती हसतच म्हणाली, पण ओठ न उघडता. ऐकलेलं खरं निघालं.

रात्री जेवताना विचार केला. पोस्टमन येतो तेव्हा मी आले की पाठ सरळ करतो. छत्र्यांच्या दुकानातली बाई मला पाहून वाडगा उचलते. बँकेतल्या मुलींची बदली दोघींची एकदमच कशी झाली असेल?

निष्कर्ष स्पष्ट आहे. खाणाऱ्या माणसासमोरून परीक्षक जाऊ नये. उद्यापासून दुकान उघडं असेपर्यंत मी वरच राहणार. खालची मुलगी बुडाली तर मीही नवव्या मजल्यावर जाईन, म्हणून हा उपाय आहे. दुसरं कारण नाही.

९ नोव्हेंबर

पुढच्या खिडकीतून दोरीने टोपली खाली सोडते. भाजीवाल्याला फोन केला की तो टोपलीत ठेवतो. पहिल्या दिवशी टोपली फिरून पालेभाजी मियाताके-सानांच्या डोक्यावर पडली. त्यांनी तो पाला झटकून परत टोपलीत ठेवला आणि दोरी हलवून इशारा केला.

वर शांत आहे. फार शांत आहे. आज दिवसभरात "मी आले" म्हणायची वेळ आली नाही.

नारिता-सानने खालून दोनदा विचारलं, बरं नाही का. मी म्हणाले, वाचते आहे. पुस्तक उलटं धरलं होतं असं नंतर लक्षात आलं, पण ती जिन्याखालून पाहू शकत नाही, तेव्हा चालेल.

१४ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

मियाताके-सान टोपलीसाठी कप्पी बसवायला वर आले होते. त्यांचे जोडे खाली माझ्या जोड्यांशेजारी. मी कोतात्सुची रजई कालच टेबलावर पसरून खालची शेगडी लावली होती. जिन्यावर पावलं वाजली. नारिता-सान असेल म्हणून मी चहाचं पाणी ठेवलं.

वर आलं एक साठीच्या पुढचं जोडपं. पायांत मोजे, हातांत बोटीची तिकिटं. दोघांनी कमरेत वाकून नमस्कार केला, खिडकीजवळच्या उशा निवडल्या, कोतात्सुखाली पाय सारले आणि दोघांनीही एकदमच हुश्श केलं. मग गृहस्थ मला म्हणाले, "दोन सॅमनचे, दोन आंबट, आणि सार दोन. बोट चारची आहे, घाई नाही."

मला उलगडा व्हायला वेळ लागला. पायरीशी ओळीने लावलेले दोन जोड पाहून कोणालाही तेच वाटेल. जोडे काढून ठेवलेत म्हणजे वर बसायची सोय आहे. खानावळीत असंच असतं. मी महिनाभर खाली-वर करत होते तेव्हा माझे जोडे कधी तिथे असायचे, कधी नसायचे. आता दिवसभर तिथेच. म्हणजे मीच पाटी लावून बसले होते.

त्यांना उठवणं शक्य होतं का? मी उठवायलाच निघाले होते. पण त्या बाईने तेवढ्यात कोपऱ्यातला देव्हारा पाहिला, इवाओंच्या फोटोपुढे गुडघ्यांवर बसली, उदबत्ती लावली आणि हात जोडले. मग मला विचारलं, "आपले यजमान का? फार प्रेमळ चेहरा आहे." अशा बाईला खाली स्टुलावर जा, असं कसं सांगणार?

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वर्गातल्या आवाजात सांगितलं, "दोन सॅमन, दोन आंबट, दोन सार. वर."

खालून मग नारिता-सान म्हणाली, "वर?"

"वर. आणि गरम."

मियाताके-सान हातोडी घेऊन उभे होते. त्या गृहस्थांनी त्यांना विचारलं, इथलं काय चांगलं असतं? मियाताके-सान माझ्याकडे पाहत म्हणाले, "सगळंच." जो माणूस जन्मभर उदोनशिवाय काही खात नाही त्याने हे सांगावं! मग तेही हातोडी बाजूला ठेवून कोतात्सुशी बसले आणि दोन मुटके खाल्ले.

जोडपं निघालं तेव्हा मी पुढे उतरून त्यांचे जोडे बाहेरच्या दिशेने वळवून ठेवले. पाहुण्याला जाताना पाय सरळ जोड्यात घालता आला पाहिजे. नारिता-सान तोंडावर फडकं धरून हसत होती. बाई म्हणाली, वरची जागा छान आहे, पुढच्या वेळी बहिणीला आणते.

झाला प्रकार अव्यवस्थेचा आहे. पुन्हा होता कामा नये.

१८ नोव्हेंबर

बहीण आली. एकटी नाही, तिच्या गाण्याच्या मंडळासह.

२४ नोव्हेंबर

मी माझे जोडे वर आणून ठेवून पाहिले, म्हणजे गैरसमज व्हायला नको. उपयोग झाला नाही. आता लोक नारिता-सानला सरळ विचारतात, "वरच्या आजी आहेत का?" मी कोणाची आजी नाही. ताकुमाला मूल नाही. हे मी छत्र्यांच्या दुकानातल्या बाईला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "बरं, आजी."

जोडे पुन्हा खाली ठेवले.

बँकेतल्या त्या मुलीही आल्या. बदली झाली नव्हती तर. दोघींनी वाडगा बरोबर धरला आणि मला दिसेल असा धरला. मी मान हलवली. दुसरीने पहिलीला कोपराने ढोसलं.

मियाताके-सान रोज येतात. दोन मुटके, सार, आणि तासभर खिडकीत. मी विचारलं, उदोनवाल्याशी भांडण झालं का? म्हणाले, नाही. पोट बिघडलं का? म्हणाले, नाही. माणसाच्या आवडी उतारवयात बदलतात असं कुठेतरी वाचलं होतं, ते खरं असावं.

२८ नोव्हेंबर

रात्री झोपेतून उठून बसले. माझी माडी राहायची जागा आहे, खानावळ नाही. परवान्यात फक्त खालचं दुकान आहे. आज सकाळी परवाने देणाऱ्या कचेरीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. खिडकीतल्या तरुणाने विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध आहे? मी म्हटलं, माझ्याविरुद्ध. त्याने पेन खाली ठेवलं.

नारिता-सानला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला. वरची जागा बंद झाली तर तिचं दुकान संपलं, आणि दुकान संपलं तर माझं घर. हे मलाही कळत होतं. तरी ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. नाही तर तुम्हाला झोप लागली नसती, आणि तुमची चाल माझ्या डोक्यावर वाजली असती."

तपासणी गुरुवारी.

५ डिसेंबर

तो तरुण आला. जोडे काढून वर आला, हे चांगलं. सगळं मोजलं. मग सांगितलं की गिऱ्हाइकांची खोली आणि राहायची खोली एक असून चालत नाही. मध्ये दार हवं, आणि गिऱ्हाइकांसाठी हात धुवायची वेगळी जागा हवी. म्हणजे पुढची खोली कोणाची, हे ठरवायला लागेल.

पुढची खोली म्हणजे खिडकी, ऊन, कोतात्सु आणि इवाओ. मागची खोली म्हणजे खडावांची खोकी.

नारिता-सान म्हणाली, "नको, कुरिहारा-सान. तुमचं घर आहे." ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

मी विचार केला. पुढच्या खोलीत मी चार वर्षं एकटी बसले. तिथे बसून मी काय केलं? ऊन कुठून कुठे सरकतं ते पाहिलं. ते मला पाठ झालं आहे.

"मी मागे जाते," मी म्हणाले. "दार आहेच, ते लावता येतं. हात धुवायची जागा जिन्याशी करता येईल."

तरुणाने देव्हाऱ्याकडे पाहिलं. हा कोणाच्या बाजूला, असं विचारलं. मी म्हटलं, दुकान त्यांचं होतं, ते गिऱ्हाइकांतच बसतील. याबद्दल नियमात काही नाही, असं तो म्हणाला. मग त्याने उदबत्ती लावली, आणि नळ बसवून झाला की कळवायला सांगितलं.

नळ मियाताके-सान बसवून घेत आहेत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

१६ डिसेंबर

मंजुरी आली. टोपलीला नवं काम मिळालं आहे. जिन्यावर चढणारे-उतरणारे एकमेकांत अडकतात, म्हणून नारिता-सान झाकणाचे वाडगे टोपलीत घालून दुकानाबाहेरून घंटी वाजवते आणि मी खिडकीतून ओढून घेते. कप्पीमुळे जोर लागत नाही. बाजारातून जाणारी माणसं मान वर करून उभी राहतात. टोपली सुखरूप पोचली की टाळ्या वाजवतात. त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे कळत नाही. मग तीच माणसं जोडे काढतात.

खोकी आवरताना प्रत्येक झाकणावर इवाओंच्या अक्षरात नावं दिसली. शिंप्याची सून, माशाच्या दुकानातला धाकटा, असं. एकावर "ताकुमा, मोठा झाल्यावर". एकावर "मियाताके". ते मी त्यांना दिलं. पुष्कळ वेळ झाकण हातात धरून बसले होते.

२१ डिसेंबर

आज वर्षातली सर्वांत मोठी रात्र. रीतीप्रमाणे भोपळा शिजवला, सगळ्यांना वाटला.

दुकान बंद करून मियाताके-सानांना चहा दिला. ते म्हणाले, "मित्सुयो-सान, पुढच्या वर्षीही ही खिडकी असेल ना?"

मला नावाने हाक मारली. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी त्यांची वहिनी होते, त्यानंतरही वहिनीच. थंडीने माणूस बोलताना गडबडतो. मी म्हटलं, वर्षअखेरीला ताकुमा येईल, मग ठरेल. ते म्हणाले, मी वाट पाहीन. खिडकी कुठे पळून जाणार आहे, असं मी म्हणाले. ते हसले. त्यांना हसताना पाहून बरीच वर्षं झाली होती.

३० डिसेंबर

आज वर्षाचा शेवटचा कामाचा दिवस. सकाळपासून माणसं. सगळे कामावरून थेट आलेले, काळे कोट, काळे मोजे. जुन्या वर्षाचा निरोप घ्यायला आल्यासारखे प्रत्येक जण आधी इवाओंपुढे बसून उदबत्ती लावत होता. धूर इतका झाला की खिडकी उघडावी लागली. जोडे पायरीशी मावेनात. नारिता-सानने ते दुकानभर ओळीने लावले, दारापर्यंत. लावलं कसलं, मी वरून सांगत होते आणि ती वळवत होती.

ताकुमा उद्या येणार होता. तो आजच आला. दोन दिवस तो फोन करत होता आणि मी उचलत नव्हते, असं त्याचं म्हणणं. फोन कोणाच्या तरी उशीखाली होता. मला इथे फोन ऐकायला वेळ कुठे आहे?

तो दारात आला तेव्हा नारिता-सान टोपली वर पाठवून शेजारी मीठ आणायला गेली होती. त्याला दुकानात कोणी दिसलं नाही. दिसले ते दारापासून जिन्यापर्यंत नीट वळवून ठेवलेले काळे जोडे. आणि नाकाला उदबत्तीचा वास. आणि वरून खूप माणसांचा हळू आवाज, कारण तेव्हा गाण्याच्या मंडळातली बाई आपल्या आजारी सासूबद्दल सांगत होती. आपल्यात इतके काळे जोडे एका घराच्या पायरीशी घरात कोणी गेलं की असतात, ते सगळ्यांना माहीत आहे.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. "आई," असा आवाज आला. तो आवाज मी त्याच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी साराचे वाडगे घेऊन खिडकीपाशी उभी होते. तो दारात येऊन थांबला. डोळे लाल, गळपट्टा लोंबतो आहे, हातात पेटी. आधी त्याने देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथे एकच फोटो होता. मग माझ्याकडे पाहिलं.

"ताकुमा," मी म्हणाले, "जोडे."

तो तातामीच्या चटयांवर बुटांसकट उभा होता. काळ्या चिखलाचे ठसे जिन्यापासून कोतात्सुपर्यंत.

तो खाली बसला तो तिथेच, ठशांवर, आणि रडायला लागला. मग छत्र्यांच्या दुकानातली बाई म्हणाली, "आजींचा मुलगा वाटतं. याला आधी सार द्या." बँकेतली मुलगी सरकली, त्याला कोतात्सुत जागा केली. कोणीतरी त्याचे बूट काढले. मियाताके-सानांनी ते खाली नेऊन ठेवले. नारिता-सान धावत वर आली. काय झालं ते तिला कळलं तेव्हा ती इतकी हसली की भिंतीला धरून उभी राहिली, आणि मग ताकुमाही हसायला लागला, नाक पुसत. त्याने चार मुटके खाल्ले.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तातामी गेल्या वसंतातच बदलल्या होत्या.

३१ डिसेंबर

ताकुमाने सकाळी उठून स्वतः ठसे पुसले. मी पुसते म्हणाले, तर म्हणाला, राहू दे, मला पुसू दे. बराच वेळ गुडघ्यांवर होता. ठसे एव्हाना गेले होते, तरी पुसत होता. मी चहा ठेवून दिला. चिखल नीट काढायचा तर वेळ लागतोच.

१ जानेवारी

नवीन वर्षाचं सार केलं. आमच्याकडे पांढऱ्या मिसोच्या सारात गोड पुरण भरलेला मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, घालतात. नारिता-सानने वाडग्यात डोकावलं आणि विचारलं, हा चुकून पडला का? अकिताला असं केलं तर सासर सोडावं लागतं म्हणे. मियाताके-सान म्हणाले, "सोबापेक्षा बरा." तिने डोळे मिटून खाल्ला. मग डोळे उघडून आणखी एक मागितला.

देवळाला जाताना ताकुमाला ते खोकं दिलं, "मोठा झाल्यावर" लिहिलेलं. त्याने खडावा घातल्या. बरोबर बसल्या. इवाओंनी बांधल्या तेव्हा तो दहा वर्षांचा होता, पण ते चालीवरून ओळखायचे. मग नारिता-सानला हव्याशा झाल्या, मग खालून जाणाऱ्या छत्र्यांच्या बाईला, मग पोस्टमनला. मी खोकी खाली आणली. नावं जमत नव्हती, मापं जमली. माझ्यासाठीही एक जोड निघाला. तो मी आधी पाहिलाच नव्हता. झाकणावर नाव नव्हतं, त्यांना गरज वाटली नसेल.

सगळे निघालो. बाजाराचं छप्पर उंच आहे आणि आज सगळी दुकानं बंद, म्हणून आवाज फार घुमला. लाकडाचा खटखट आवाज पुढे जाऊन परत यायचा. वरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. शटर बंद असलेल्या घरांच्या खिडक्याही. मला वाटलं नव्हतं तितकी माणसं अजून दुकानांवर राहतात. शिंप्याची सून वरून ओरडली, कुरिहारा-सान, आवाजावरून वाटलं यजमान आले. मी म्हटलं, यजमानच आहेत.

कोपऱ्यावरच्या बंद चहाच्या दुकानाच्या खिडकीतून म्हाताऱ्याने नारिता-सानला विचारलं, तुझी कोणी मैत्रीण आहे का दुकान शोधणारी? जिना मात्र आतून आहे.

३ जानेवारी

ताकुमा दुपारच्या गाडीने गेला. घराबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. तो गेल्यावर खिडकीजवळचं टेबल पुसताना लक्षात आलं की ते आता डुगडुगत नाही. खाली पाहिलं. नवव्या मजल्याची पुस्तिका चौपदरी घडी करून पायाखाली घातली आहे. जाडी अगदी बरोबर आहे. मुलगा हुशार आहे.

निघताना त्याने दारात मला म्हटलं, "येतो." मी म्हटलं, "ये." मग नारिता-सान आतून म्हणाली, मियाताके-सानांनीही म्हटलं, आणि तो दोनदा वळून पाहत गेला.

संध्याकाळी मियाताके-सान चहाला बसले आणि खडावा घालूनच समोर घरी गेले. त्यांना त्या सोडवत नाहीत. त्यांचे जोडे पायरीशी माझ्या जोड्यांशेजारी राहिले आहेत, तोंडं आतल्या बाजूला. पाहुण्याचे जोडे बाहेरच्या दिशेने वळवून ठेवायचे, असं मी सगळ्यांना शिकवते.

वळवायला वाकले होते. मग तसेच राहू दिले.